दोरीवरचा लाल स्वेटर

हेप्सीमावशी व्हाउल्स कुणाच्याही घरी गेली की आधी मागच्या अंगणात डोकावते. दार नंतर. दोरीवर काय वाळत घातलंय ते एकदा नीट बघते, मान हलवते आणि मगच कडी वाजवते. आमच्या क्रॅबकोम गावात याचा कुणाला राग येत नाही. नवीन राहायला आलेल्यांना येतो, पण पहिल्या जानेवारीनंतर तोही जातो.

तिची आई गावाचे कपडे धुवायची. हेप्सीमावशी पहिल्यांदा टबाशी उभी राहिली तेव्हा तिची हनुवटी जेमतेम काठाला लागत होती. त्या हातांना साबणाच्या सोड्यानं जो लाल रंग चढला, तो अजून उतरलेला नाही. कुणाच्या घरी बाळ येणार, कुणाचा नवरा वेगळ्या खोलीत झोपतो, कुणाच्या म्हाताऱ्याला आता अंथरुणातून उठवत नाही, हे सगळं तिला चादरींवरून आधी कळायचं. बोलायची मात्र नाही. "कपडे माझ्याकडे येतात, गोष्टी नाही," एवढंच म्हणायची.

तिचे वडील वसेलचं गाणं धरायचे. जानेवारीच्या मध्यावर, अंधार पडताना, सगळं गाव कंदील, पातेली, डबे घेऊन निघतं आणि दारोदार गात शेवटी थोरल्या बागेतल्या सगळ्यात जुन्या सफरचंदाच्या झाडापाशी येतं. झाडाच्या मुळाशी सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, ओततात, भिजवलेला पाव फांदीत खोचतात, मोठ्यानं पातेली बडवतात. झाडाला जाग यावी, पुढच्या हंगामात फळ धरावं, म्हणून. हे आजूबाजूच्या गावांतही आहे. आमच्याकडे आणखी एक आहे. प्रत्येक दारापुढे, गाणं धरणारा त्या घरातल्या माणसांची नावं घेतो, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत.

फांदी वाकू दे, टोपली भरू दे,
या दाराआडचं माणूस राहू दे,

आणि मग, अमका राहो, तमकी राहो. वर्षभरात जे गेलं असेल, त्याच्या नावाच्या जागी गाणारा थांबतो आणि ढोलावर एकच टोला पडतो. पुढचं नाव त्यानंतर.

नियम एकच आहे आणि तो कडक आहे. गाणाऱ्याला आधी जाऊन काही सांगायचं नाही. त्यानंही विचारायचं नाही. सांगून घेतलेलं नाव लागत नाही, असं इथं मानतात.

वडील गेले तेव्हा हेप्सीमावशीला भाऊ नव्हता. गाणं आपोआप म्हाताऱ्या डिबलकडे गेलं. आवाज चांगला होता त्याचा, पण पहिल्याच दारात नवी सून आलेली आणि तिचं नाव त्याला येईना. तो अडकला. मागून, पातेलं बडवणाऱ्या बायकांतून, हेप्सीमावशीनं ते नाव सुरात उचललं. दुसऱ्या दारात पुन्हा तसंच. तिसऱ्या दारापर्यंत ती पुढे आली होती आणि डिबलनं मुकाट्यानं ढोल गळ्यात घेतला. आज तो ढोल त्याच्या मुलाकडे, क्लेमकडे आहे. चेष्टेत तो अजून म्हणतो, "आमच्या बापाचं गाणं हिनं दोरीवरून चोरून नेलं."

तसं ते खरंच आहे. गाण्याच्या आधीचा आठवडा ती टोपी कानांवर ओढून गावभर फिरते आणि दोऱ्या बघते. घराघरात धुलाईची यंत्रं आली, तिचं काम संपलं, पण दोऱ्या राहिल्या. पुढे तिचे कान गेले. तेव्हापासून दुकानातल्या, गुत्त्यातल्या बातम्या तिच्यापर्यंत अर्ध्याच पोचायच्या आणि अर्धी बातमी तिला मान्य नव्हती. "कान खोटं बोलतात. शर्ट कशाला बोलेल?"

वॉल्टर स्टकीच्या बाबतीत शर्ट खोटं बोलले. त्याच्या सुनेनं कपडे वाळवायचं यंत्र आणलं आणि त्यांची दोरीच काढून टाकली. त्या थंडीत वॉल्टर आजारी होता, बाहेर दिसत नव्हता. हेप्सीमावशी त्याच्या दारात गायली, त्याच्या नावापाशी थांबली आणि क्लेमनं टोला दिला.

"हेप्सी, अगं हा काय मी उभा!" वॉल्टर दारातून ओरडला. "मला पुरायची एवढी घाई?"

सगळे हसले. तीही हसली, पुन्हा पहिल्यापासून गायली. सफरचंदाला मोहोर यायच्या आत वॉल्टर गेला.

तो त्र्याऐंशी वर्षांचा होता. छाती खराब होती. हे सगळ्यांना माहीत होतं, तरी गुत्त्यात बैठक बसली. गाणं आता दुसऱ्या कुणी धरावं, निदान नावं तरी बंद करावीत. हेप्सीमावशी कोपऱ्यात ऐकत होती, म्हणजे ओठ बघत होती. शेवटी उठली.

"गाणं घ्या. नावं कुठून आणाल?"

गाणं तिच्याकडेच राहिलं. पण त्यानंतर ती कुणाच्या अंगणात डोकावली की बायका दार लोटून घ्यायला लागल्या. मीही एकदा घेतलं.

त्याच्या पुढच्या जानेवारीत माझ्या टॅबीला मेंदूज्वर झाला. नऊ वर्षांची होती. टॉन्टनच्या इस्पितळात वॉर्डात आईबापांपैकी एकालाच थांबू देत. मी थांबले होते, माझा नवरा लायनेल बाहेर बाकावर. गाण्याच्या दिवशी सकाळी मला तिच्या खाटेपाशीच चक्कर आली. नर्सनं मला खुर्चीत बसवलं आणि बाहेरून लायनेलला बोलावलं.

"यांना घरी पाठवा. झोपू दे. नाहीतर उद्या यांच्यासाठीही खाट शोधावी लागेल."

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"आजचा दिवस आणि रात्र जाऊ दे, म्हणाले."

लायनेलनं मला बसमध्ये बसवलं. "फोन करेन. काही झालं तरच करेन. वाजला नाही तर चांगलं समज."

बस गावात शिरली तेव्हा पाववाल्याची बायको दुकानाच्या दारात उभी होती. तिनं मला पाहून डोक्यावरचा रुमाल काढला, माझे दोन्ही हात धरले आणि अगदी हळू म्हणाली, "ऑड्री, काय बोलावं गं." तेवढंच. मी तशीच पुढे निघाले. रस्ताभर मला वाटत राहिलं, हिला काय कळलंय जे मला कळलेलं नाही? मग लक्षात आलं, गावात बातमी अर्धी फिरते आहे. आणि अर्धी बातमी जर इतकी काळी असेल, तर अर्ध्या कानांना ती कशी ऐकू गेली असेल?

घराला वळसा घालून मी मागच्या दारानं आत जात होते. दोरी रिकामी होती. लायनेलचे दोन शर्ट शेजारणीनं धुऊन घातले होते, बाकी काही नाही. टॅबीचं काही नाही. इतके दिवस इस्पितळात असलेल्या मुलीचं काय असणार?

मी तिथंच थांबले. हेप्सीमावशी सगळा आठवडा दोऱ्या बघत फिरली असणार. आमच्या दोरीवर तिनं काय पाहिलं असेल ते मला लख्ख दिसलं. संध्याकाळी ती आमच्या दारात येणार आणि एक टोला तर हक्काचाच होता. माझे सासरे जेकब आदल्या वसंतात गेले होते. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. जेकबचा टोला, मग लायनेल राहो, ऑड्री राहो. आणि मग?

जाऊन सांगावं? टॅबी जिवंत आहे, हेप्सीमावशी, जिवंत आहे? पण सांगून घेतलेलं नाव लागत नाही. मी ब्रिस्टलला वनस्पतिशास्त्र शिकले आहे. सफरचंदाला फळ का धरतं ते मला माहीत आहे. त्या दुपारी त्यातलं काहीही माझ्या उपयोगाचं नव्हतं.

मी वर गेले, टॅबीचं कपाट उघडलं. धुतलेले, इस्त्री केलेले कपडे घड्या घालून ठेवले होते. शाळेचा झगा, लांब मोजे, लाल स्वेटर. बादलीत बुडवून मी ते तसेच पिळले आणि दोरीवर घातले. स्वेटर रस्त्याच्या बाजूला. हवा अशी गार होती की चिमटे लावेपर्यंत बाह्या कडक व्हायला लागल्या. सांगणं वेगळं आणि कपडे वाळत घालणं वेगळं, असं मी स्वतःला बजावत होते.

आत येऊन फोनसमोर बसले. तो वाजला नाही. वाजला नाही तर चांगलं. पण वाजला नाही म्हणजे लाइन तर तुटली नाही ना, म्हणून मी तीनतीनदा उचलून कानाला लावला. मग वाटलं, मी उचलला त्याच क्षणी लायनेल करत असेल तर?

अंधार पडला आणि पातेल्यांचा आवाज वर येऊ लागला. दार बंद ठेवायचं नसतं. मी उघडलं, कटोऱ्यात गरम सायडर ओतलं, भाजलेलं सफरचंद टाकलं. थोडं सायडर उंबऱ्यावर सांडलं.

गर्दी नेहमीपेक्षा गप्प होती. क्लेमनंही चेष्टा केली नाही, नुसतं "ऑड्री" म्हणून मान झुकवली. हेप्सीमावशीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती कंदिलाकडे बघत गाते.

फांदी वाकू दे, टोपली भरू दे.

जेकबच्या जागी ती थांबली. टोला पडला. माझ्या पायांखालची फरशी थरारली असं मला वाटलं.

लायनेल राहो.

ऑड्री राहो.

मग ती थांबली. श्वास घ्यायला थांबली की कशाला, ते त्या क्षणी कुणालाच कळलं नसतं. क्लेमला मात्र आपण ओळखलं असं वाटलं. दुकानात, गुत्त्यात त्यानंही तेच ऐकलं असणार. त्याची काठी वर गेली.

हेप्सीमावशीनं मागे न वळता हात लांब केला आणि तो लाल पंजा ढोलाच्या कातड्यावर सपाट ठेवला. काठी तिच्या बोटांवर आदळली. ती जराही हलली नाही.

टॅबी राहो, ती गायली. इतक्या मोठ्यानं की गायीसुद्धा हंबरल्या.

मग कटोरा तोंडाला लावला, मिशी पुसल्यासारखं ओठ पुसले आणि मला म्हणाली, "तो स्वेटर आत घे, कोकरा. लोकर गोठली की धागा तुटतो." क्लेमकडे वळली. "आणि तू रे, टोणग्या! माझी बोटं म्हणजे काय तुझ्या बापाची झोडायची पेंढी?"

"थांबलीस ना तू!"

"खोकला आला होता. म्हातारीला खोकायचीही चोरी?"

फोन पहाटेपर्यंत वाजला नाही. वाजला तेव्हा मला तो लगेच उचलवेना. लायनेल म्हणाला, "पाणी मागितलं तिनं. आणि विचारते, गाऊन गेले का?"

गाण्यानं ताप उतरतो असं मी म्हणणार नाही. टॅबीचा डावा कान गेला तो गेलाच. पण वसंतात हेप्सीमावशी आमच्याकडे चहाला आली, तेव्हा मी विचारलं.

"तुम्हाला कळलं होतं ना?"

"ओल्या कपड्यावर इस्त्रीची घडी दिसत होती, पोरी. मुलीनं घातलेल्या झग्याला कोपरापाशी धुतल्यावरही जामचा डाग उरलेला असतो."

"मग नाव का घेतलंत? खात्री नव्हती ना?"

"मला नव्हती. तुला होती का?"

"नव्हती."

"आणि तरी घातलंस वाळत." तिनं बशीत चहा ओतला. "आई दोरीवर घालते, तोवर ते माणूस त्या घरात आहे. मी आणखी काय बघायचं?"

आता टॅबी लीड्सला शिकते. घर सोडून गेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं, त्याला टोलाही नसतो, गाणं नुसतं पुढे सरकतं. तिचा फोन आठवड्यातून एकदा येतो आणि एखाद्या आठवड्यात येतच नाही. मग मी काय काय कल्पना करते ते लिहीत नाही. परवा मी तो लाल स्वेटर काढला, धुतला आणि रस्त्याच्या बाजूला घातला. हेप्सीमावशी काठी टेकत आली, दोरीपाशी थांबली, बाही हातात धरून ओढून पाहिली.

"ऑड्री, अगं हा आता तिच्या एका हातात तरी शिरतो का?"

"नाही शिरत."

"बरं," ती म्हणाली, चिमटा नीट केला आणि पुढच्या घराकडे गेली.

काल संध्याकाळी गाण्यात आमच्या दारात तिनं तीन नावं घेतली.