आवाजाआधी सांगणारा

“आते वाजी बरं!” आता वाजेल, असं आधी सांगितल्याशिवाय तो पाण्याचा हंडासुद्धा खाली ठेवत नसे. लिंबायतच्या आमच्या चाळीत तो खालच्या खोलीत राहायचा. यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या कारखान्यातही त्याच्या तोंडून तेच निघायचं. सोबतचे कारागीर चिडवत, “अरे, एवढे लूम धडधडी ऱ्हायनात, तू कोनले सांगस?” तोही हसायचा.

सांगायचं असे ते घरी, त्याच्या लहान पोराला. अचानक आवाज झाला की पोर ताठ होऊन फळीसारखं पडायचं, टेकायला हातही पुढे येत नसत. आधी सांगितलं तर निदान बसून घ्यायचं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून तो माझ्याकडे आला.

“सर, डॉक्टर म्हणे, डोक्यातला ब्रेक ढिला शे. म्हंजे काय?”

मी सांगितलं, “मेंदूतली एक पेशी दुसरीला ‘थांब’ असा निरोप देते. तो घेणारी प्रथिनं पेशीच्या पातळ, स्निग्ध आवरणात असतात. पण ती तिथे सरकत राहतात. आतली दुसरी प्रथिनं त्यांना नेमक्या जागी धरून ठेवतात. त्या प्रथिनांना टेकू देतात आवरणातलेच काही स्निग्ध रेणू. तुमच्या पोरात ही पकड नीट जमलेली नाही, भाऊ.”

“मंग ती पकड बसाडता येत नही?”

“नाही. गोळीने थोडा आवर बसतो, तेवढंच.”

तो उठेचना. त्याचं ते नुसतं बसणं मला सोसेना. मी म्हणालो, “सवय लागेल हळूहळू. सारखं आधी सांगू नका.”

हे मी कुठे वाचलं नव्हतं. या आजारात आवाजाची सवय सहसा होतच नाही, हे नंतर वाचलं. पण सरांचा शब्द! त्याने सांगणं बंद केलं. एका दुपारी न बोलता त्याने खोलीचं लोखंडी शटर वर ढकललं. पोर पायरीवर उभं होतं.

पोराच्या कपाळाला टाके पडले. दवाखान्यात मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, “तुम्ही समजाडी तरी दिधं, सर. बाकीना लोके झाडफूक कराले भगतकडे धाडतस.”

तो सल्ला माझ्या मनचा होता, हे त्याला अजून माहीत नाही. सांगतोय ते तुम्हाला.

इथला आवाज थांबायचा नाही, असं म्हणून त्याच्या बायकोने पोराला घेऊन गावी जायचं ठरवलं. निघायच्या सकाळी रिक्षात पोर तिच्या मांडीवर झोपलेलं. रिक्षावाल्याने किल्लीला हात लावताच पोराच्या बापाने त्याचं मनगट धरलं. मग इंजिन बंद ठेवून आम्ही दोघांनी रिक्षा नाक्यापर्यंत ढकलत नेली.

“बस, सर. आते तुम्ही जा.”

मी गल्लीत वळलो. मागे रिक्षा सुरू झाली. पोर दचकलं की नाही, ते मला दिसलं नाही.