दुकानावरची पाटी, घरातली डबी

बरकतपुऱ्यात माझं छोटं किराणा दुकान आहे. तंबाखू घ्यायच्या वयाची अट अठराची एकवीस झाली तेव्हा गल्लीतल्या बाकीच्यांनी कानाडोळा केला. मी नाही केला. नियम म्हणजे नियम, असला माझा खाक्या. लेकीकडून तेलुगूत पाटी लिहून घेतली, कारण मला ती भाषा बोलता येते, लिहिता नाही. एकवीस वर्षांखालच्यांना तंबाखू मिळणार नाही. पाटीखाली तिनं आपल्या मनानं लाल रेघही मारली.

मग माझा थाट काय विचारता! गळ्यात टाय असो नाहीतर हनुवटीवर दाढी, आधी आधार कार्ड दाखव. एक मोटारसायकलवाला वैतागून म्हणाला, "कायकू सताते आंटी, पिछले महिने तो दिए थे!" म्हटलं, तेव्हा दिली, आता नक्को, एकवीस पूर्ण झाले की ये. दिवसातून दहादा हेच बोलायची. आपण लोकांची पोरं वाचवतोय असं वाटून जेवणही गोड लागायचं.

आणि घरात? घरात मी तव्यावर तंबाखूची पानं काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, चाळायची आणि डबीत भरायची. मिश्री. आमच्या नांदेडकडे कितीतरी बाया तिनंच दात घासतात. माझी आई घासायची, मी घासते. लेक दहा वर्षांची असताना तिची दाढ ठणकायला लागली, रडून रडून तिनं घर डोक्यावर घेतलं. मी बोटावर मिश्री घेतली आणि तिच्या हिरडीला चोळली. झोपलं लेकरू. तेव्हापासून रोज सकाळी ती हात पुढं करायची आणि मी चिमूटभर मिश्री तिच्या तळहातावर ठेवायची. शपथेवर सांगते, ही तंबाखू आहे असं माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. तंबाखू ती दुकानातली, पुडीतली. घरातलं ते दात घासायचं. पानं भाजत होते मीच, ठसका लागत होता मलाच, आणि तरी! इतकी कशी मी ठार वेडी?

दोन महिन्यांपूर्वी तिनं ठेचा खायचं सोडलं. झोंबतो म्हणाली. मी हसले, म्हटलं, बघा, आमच्या बाईसाहेब वरणभातावर आल्या. मग एकदा ती आरशासमोर गाल ताणून उभी दिसली. आत पांढरा चट्टा होता.

सिकंदराबादच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारला आणि विचारलं, "तंबाखू?"

मी ताडकन बोलले, "माझ्या दुकानात एकवीसच्या आत कुणालाच मिळत नाही, हिला कुठून मिळेल?"

लेक मान खाली घालून म्हणाली, "मिश्री लावते. दहा वर्षांची होते तेव्हापासून."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदा कुणी लावली, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं, चारचौघांत माझी लाज काढली असती, तर बरं झालं असतं. गालातला तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट सोमवारी यायचा होता.

घरी आल्या आल्या डबी मोरीत रिकामी केली. दुकान उघडायची इच्छाच मेली. नवरा म्हणाला, होईल सगळं ठीक. त्याला काय ठाऊक, ते बोट माझं होतं.

रविवारी सकाळी लेक माझ्यासमोर आली. तोंड सुकलेलं होतं. नेहमीसारखा तळहात पुढं केला.

"आई, एवढीशीच भाजून दे गं. डोकं फुटतंय. उद्यापासून सोडते."

आणि माझ्या तोंडून, रोजच्या सवयीनं, निघून गेलं, "एकवीस पूर्ण झाले की ये."

ती तशीच हात पुढं करून बघत राहिली. तिचे एकवीस पूर्ण व्हायला अजून तेरा महिने आहेत.