कुहीच्या दादानं सुशीचा भात तपासला

या ब्लॉगवर मी आजवर लडाख, मेघालय असं लांबलांबचं लिहीत आले. हा प्रवास कुही ते नागपूर, जेमतेम चाळीस किलोमीटरचा. तरी लिहितेय, कारण माझी भाची जपानला जाणार की नाही, हे त्यावर ठरायचं होतं.

प्रणालीची तिकडच्या एका वृद्धाश्रमात नोकरीसाठी निवड झाली होती. वर्षभर घासून भाषा शिकली पोरगी. सोमवारपर्यंत फॉर्म भरून होकार कळवायचा होता, आणि तिचे बाबा, म्हणजे माझा थोरला भाऊ, काही केल्या हो म्हणत नव्हता. वहिनी गेल्यापासून घरात हे दोघंच. दादाचं पालुपद एकच. "तिकडं कच्ची मासोळी खातेत. उपाशी मरल पोरगी."

मी म्हटलं, "नागपुरात मिळते ती, भातावर ठेवून. सुशी म्हणतात. एकदा खाऊन तर पाहा गा."

दादा धानाचा शेतकरी. हातात घेऊन पाहिल्याशिवाय कशावरच मत देत नाही. त्यानं अट घातली, "मी खातो. पोटानं घेतलं तं जाऊ दे तिले. नाही घेतलं तं विषय बंद." प्रणाली लगेच तयार झाली. मला हा सौदा मुळीच पसंत नव्हता. दादाचं पोट लग्नातल्या बुंदीनंही बिघडतं.

शनिवारी अकराला निघालो. उमरेड रोडला लागलं की दिघोरीपर्यंत गाडी छान पळते. धरमपेठेत ती लावायला जागा शोधण्यातच वीस मिनिटं गेली. तुम्ही जाणार असाल तर साडेबाराच्या आत पोचा. धान कापून झालं होतं, बांधावर तूर उभी होती. दादा वाटभर लोकांच्या तुरीवर शेरे मारत होता. मागे प्रणाली फोनवर तो फॉर्म उघडून बघत होती.

हॉटेल एका साडीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. सात-आठ टेबलं, कागदी दिवे, चढायला अरुंद जिना. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी काकडीचा रोल आणि शिजवलेले झिंगे मागवावेत. आम्ही कच्चा साल्मनही मागवला, कारण दादा म्हणाला, "तिले जे खाणं आहे, तेच आणा." तिघांचे चहासकट अडीच हजार झाले. स्वस्त नाही, पण पोटभर होतं.

सुशीची प्लेट आली. दादानं माशाकडे पाहिलंसुद्धा नाही. बोटानं तो बाजूला सारला, खालचा चिमूटभर भात उचलला, अंगठ्याखाली दाबून चोळला. मग म्हणाला, "याच्या मालकाले बोलाव."

"काय झालं?" मी विचारलं.

"नवा तांदूळ हाय. चिकटून राहिला, पाहा."

आमच्याकडे पाहुण्याला नव्या तांदळाचा भात वाढत नाहीत. तो गिचका होतो, पोटाला जड पडतो. पाहुण्यासाठी वर्षभर मुरलेला जुना तांदूळ काढायचा. नवा वाढला म्हणजे पाहुण्याची किंमत केली नाही. दादाला तो सरळ अपमान वाटला.

"बाबा, हळू बोला ना. तो तसाच असतो," प्रणाली म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"तसाच काहून असंल? एवढे पैसे घेतेत, जुना आणता येत नाही?"

मालक नव्हता. आतून आचारी आला. चाळिशीचा, मध्य प्रदेशातल्या बालाघाटचा निघाला. त्यानं दादाचं सगळं ऐकून घेतलं, हसला नाही. "काका, मैं भी धानवाले घर का हूँ, नया-पुराना समझता हूँ," म्हणाला आणि आत जाऊन मूठभर कच्चा तांदूळ घेऊन आला. आखूड, गोल दाणा. दादानं तो तळहातावर पसरला, एक दाणा दातानं फोडला.

"हा तं जाड धानाचा, जातीनंच चिकट," तो म्हणाला. "आपण बारीक विकतो अन् जाड घरी खातो, तसा." राग उतरला होता. मग त्यानं आचाऱ्याला विचारलं, "घर सोडून किती वर्षं झाली?"

"ग्यारह।"

"घरी कोन हाय?"

"पिताजी। अकेले हैं।"

"जेवते काय बरोबर?"

आचाऱ्यानं फडक्याला हात पुसले. "पूछता हूँ तो बोलते हैं, खा लिया।"

तो आत गेल्यावर दादानं तळहातावरचे दाणे प्लेटच्या कडेला ठेवले. मग प्रणालीला म्हणाला, "खरं सांगू? तू कायबी खाऊन जगशील, मले माहीत आहे. मी एकट्यानं कसा जेवू, हे नाही समजून राहिलं." प्रणाली रडायला लागली. मी मेनू कार्ड वाचत बसले, दुसरं काय करणार.

"पण अट म्हणजे अट," दादा म्हणाला आणि आठ तुकडे खाल्ले. साल्मनसुद्धा. मत दिलं: मासोळी बरी, भात आंबूस.

रात्री मी कुहीलाच राहिले. पुढचं इतके दिवस लिहिलं नव्हतं. आता प्रणाली तिकडे पोचली, कामाला लागली, तेव्हा हरकत नाही.

रविवारी पहाटे स्वयंपाकघरात डब्यांचा आवाज आला. दादा उभा, हात पोटावर, चेहरा पांढराफटक. "ओवा कुठं ठेवते वं ही पोरगी? चार वेळा जाऊन आलो."

मी ओवा काढून दिला. "अट तूच घातली होती, दादा. आता ती नाही जाणार."

"तिले सांगू नको."

इतक्यात प्रणाली डोळे चोळत दारात आली. "बाबा, पोट कसं आहे?"

"पोटाले काय झालं? बेस आहे," दादा भिंतीला टेकून म्हणाला. "तो फारम भर लवकर."

मी ओव्याचा डबा पदराआड धरून उभी राहिले.