व्हिजिटच्या आधीचा रंग

लष्कराच्या बांधकाम खात्यात माझी हयात गेली, ती बांधण्यात कमी आणि रंगवण्यात जास्त. फौजेचं बांधकाम म्हटलं की लोकांना पूल, बंकर, डोंगरातले रस्ते आठवतात. उस्मानपुऱ्यातले माझे शेजारी अजून तसंच समजतात. मीही कधी खोडून काढलं नाही. खरं तर मी इथल्या छावणीतली जवानांच्या कुटुंबांची क्वार्टर्स सांभाळतो. गळके नळ, तुंबलेली गटारं, फुगलेली दारं.

आणि व्हिजिट. मोठे साहेब पाहणीला येणार म्हटलं की झाडांना कमरेपर्यंत गेरू-चुना, रस्त्याकडेचे दगड एक सोडून एक पांढरे. गोची अशी, की साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काम लगेच मंजूर होतं. आणि साहेबांना काही दिसू नये यासाठीच आम्हाला कामाला लावतात. यावर चिडून चिडून मी म्हातारा होत आलो, पण तोंडातून शब्द काढला नाही.

तळमजल्यावरच्या एका क्वार्टरची भिंत कायम ओली असायची. वरच्या न्हाणीघराचा पाइप कुजलेला. तो बदलायचा प्रस्ताव मी पाठवायचो आणि ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून तो परत यायचा. त्या घरात पिशोरकडची एक बाई राहायची. नवरा जवान, सीमेवर. पोरगी लहान, तिला दमा. आणि पोरीची खाट त्याच भिंतीला लागून.

गेल्या वर्षी व्हिजिट ठरली, तशी बाई मला म्हणाली, “भाऊ, या टायमाला आमची भिंत नका रंगवू. दिसू द्या त्यांला.”

मी ‘बघतो’ म्हणालो. माझं ‘बघतो’ छावणीत सगळ्यांना माहीत आहे.

माझ्या साहेबांनी हुकूम दिला, सगळी क्वार्टर्स एकसारखी दिसली पाहिजेत. मी रंगारी चाचांना घेऊन गेलो. ओल वर येऊ नये म्हणून आधी ऑइल पेंटचा हात, त्यावर डिस्टेंपर. चाचा ब्रश फिरवता फिरवता म्हणाले, “बुखार को पावडर लगा रै अपन, साब.”

“लगाओ चाचा, बातां नक्को,” मी म्हणालो.

बाई दारात उभी होती. चाचांच्या ब्रशाकडे बघत होती. भिंत मात्र झकास झाली, आणि सांगायला लाज वाटते, मला ती आवडलीसुद्धा.

व्हिजिटच्या दिवशी मोठे साहेब नेमके त्याच घरात शिरले. बाईला विचारलं, “कोई तकलीफ?”

“नहीं साब, सब ठीक है,” ती म्हणाली. नवऱ्याची नोकरी होती. दुसरं काय म्हणणार? पोरगी खाटेवर खोकत होती. साहेबांनी तिच्या गालाला हात लावला, भिंतीकडे पाहिलं आणि आमच्या साहेबांना म्हणाले, “व्हेरी गुड.”

तेव्हा मी बोललो. धाडस वगैरे काही नव्हतं, नुसता वैताग होता. “सर, ही भिंत आतून ओली आहे. परवा मीच रंगवली.”

मोठ्या साहेबांनी शांतपणे विचारलं, “ओल्या भिंतीवर रंग कोणाच्या हुकमाने लावला?”

झालं. पाइप राहिला बाजूला, रंगाची चौकशी बसली. चौकशी संपेपर्यंत भिंतीला कोणी हात लावायचा नाही, ती पुरावा. मला चार ठिकाणी बोलावून एकच विचारत, ऑइल पेंट का? पाइपबद्दल मी सांगायला लागलो की म्हणत, तो विषय वेगळा. इकडे पावसाळा आला. रंगाखाली पाणी अडून भिंतीला फुगे धरले, फुटले, पोपडे पोरीच्या अंथरुणावर पडायला लागले. आमचे साहेब माझ्याशी बोलायचे बंद झाले. चाचा म्हणाले, “साब, तुम बोले काय को? बोलना था तो पैले बोलते.”

एका दुपारी बाईनं निरोप पाठवला. मी गेलो. पोरगी उशीला टेकून बसली होती, बोलताना धाप लागत होती.

“चौकशी कवा संपंल, भाऊ?”

“माहीत नाही.”

“मग आता काय करावं आम्ही? गावाकडं नेली तर दवाखाना लांब.”

मी घरभर नजर फिरवली. स्वयंपाकघर कोरडं होतं, पण तिथली अर्धी जागा एका लोखंडी सरकारी कपाटानं खाल्लेली. ते परवानगीशिवाय हलवायचं नाही, असा नियम. तो तिला मीच कधीतरी सांगितला होता. मी बाहेर काम करत असलेल्या चाचांना हाक मारली. दोघांनी मिळून कपाट व्हरांड्यात ओढलं. बाईनं जागा झाडून घेतली. पोरीची खाट आम्ही आत नेऊन लावली.

“परवानगी?” तिनं विचारलं.

“नाही घेतली.”

ती पोरीच्या अंथरुणावरचे पोपडे झटकत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “मग हे तर कवाबी झालं असतं.”

“व्हय,” मी म्हणालो.

भिंत अजून तशीच आहे.