सुमीची अँटेना आणि नानांचा फ्लेक्स

माझ्या अकलेचं दिवाळं कसं निघालं ते माझ्याच तोंडून ऐका, राव. नाहीतर नाना तिखटमीठ लावून सांगतीलच!

मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. धाकटी बहीण सुमी मात्र अंबाजोगाईच्या कॉलेजात टिकली आणि तिनं स्वतःच्या हातानं अँटेना बनवली. काय चीज होती! माशाच्या काट्यासारखी. एका दांड्यावर ॲल्युमिनियमच्या काड्या, एका टोकाला लांब, दुसऱ्या टोकाकडं आखूड होत गेलेल्या. फ्रिक्वेन्सी बदलली की भल्याभल्या अँटेनांचं तोंड सरकतं, आमच्या पुढाऱ्यांसारखं. हिचं नाही! प्रत्येक फ्रिक्वेन्सी आपल्या मापाच्या काड्या धरते, दिशा तीच.

त्या दिवशी सुमीची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती, आणि नेकनूरच्या पुढं आमच्या गावात नेटवर्कचा दुष्काळ.

"दादा, हिचं तोंड टॉवरकडं करून गच्चीवर बांध," म्हणून ती तयारीला बसली.

बांधली. लांब काड्या टॉवरकडं! मोठे पुढं, लहान मागं. गावातल्या प्रत्येक फोटोत असतं तसं. विचारायचं कशाला?

नेटवर्क येईना. फोनमधला एकेक बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, बदलून बघितला. ठणठण गोपाळ! तेवढ्यात समोरच्या गच्चीवर आमचे चुलते दिसले. म्हणजे नानांचा वाढदिवसाचा फ्लेक्स. भलीमोठी लोखंडी चौकट, आत गॉगलवाले नाना. वाढदिवस कधीच उलटून गेलेला!

"नाना, फ्लेक्स उतरवा! सिग्नल अडतोय."

"कावून रं? माज्या फोटोनं?"

"लोखंडानं! तुमी म्हातारे हरेक ठिकाणी आडवेच येता. पोरीची नोकरी गेली तर?"

नाना धोतर खोचून वर चढले. "सुमीसाठी काढतो. तुज्यासाठी न्हाई."

फ्लेक्स उतरला. उतरताना नाकापासून फाटला. तरी नेटवर्क नाहीच!

मुलाखत तोंडावर आली. सुमी वर आली, बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे दादा, हिचं तोंड आखूड काड्यांकडं हाय! तू टॉवरला पाठ दाखवलीस की!"

तिनं अँटेना गर्रकन फिरवली. नेटवर्क फुल्ल! नाना फाटका फ्लेक्स घेऊन आमच्या गच्चीवर आले आणि बघत राहिले. माझ्याकडं, अँटेनाकडं नाही.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "फ्रिक्वेन्सी बदलली तरी तुमच्या अँटेनाची दिशा बदलत नाही, हे तपासलंत का?"

सुमी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "हो सर. आज सकाळी आमच्या दादानं उलट्या बाजूनं एकेक बँड तपासला. कुठंच काही आलं नाही."

साहेब खूश! नोकरी तिथंच पक्की झाली. उठता उठता त्यांनी विचारलं, "दादांचं शिक्षण कुठवर झालंय?"

मागून नाना ओरडले, "आज सकाळीच झालं, साहेब!"