डबे आत्याचे, ग्रुप भाच्याचा

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही वेडंवाकडं आहे, माफ करा. माझं शिक्षण चौथीपर्यंतच. वाळूजकडच्या एका पोलीस ठाण्यात झाडलोट आणि चहापाणी करत मी निवृत्त झाले. तिथलं एक प्रकरण आठवलं की आजही डोकं तापतं.

पाचोडकडची एक बाई दुष्काळात मेंढरं विकून शहरात आली आणि कंपनीतल्या कामगारांना भाकरीचे डबे देऊ लागली. परक्या पुरुषांना नंबर कसा द्यायचा, म्हणून तिनं भाच्याचा दिला. मोबाइलवरचा ग्रुप त्याचा, पैसेही त्याच्याच खात्यात. दोन वर्षांनी भाच्यानं तिला सांगितलं, "आत्या, कामगारांनी डबे बंद केले." इकडं कामगारांकडून महिन्याचे पैसे आगाऊ घेतले, चार दिवस डबे पोचवले आणि फोन बंद केला. डबे तिचे म्हणून तक्रार आली ती तिच्याविरुद्ध.

हवालदारांनी तिला चौकशीला बोलावलं. "मावशी, गिऱ्हाईक तुमचं, अन् एकाचाबी नंबर नाय तुमच्याकडं?"

"नाय साहेब."

हवालदारांनी कपाळाला हात लावला. मलाही तिचा रागच आला.

मग शिफ्टच्या बसवाल्यानं खबर दिली, की ते चार दिवस डबे भाचाच आणत होता. त्याला उचलून आणला. तो म्हणाला, "ग्रुप माझा हाय, पण भाकरी आत्याचीच. पैसे तिला रोख दिले."

कामगारांनी पुरावा म्हणून आणलेला डबा टेबलावर होता. कप उचलताना मी आत पाहिलं. साहेबांपुढं मी कधी तोंड उघडत नसे. तरी बोलले, "साहेब, ही भाकरी हातानं थापलेली नाय. बोटं कुठं दिसत्यात?"

मी चहाचा स्टोव्ह पेटवला, पीठ आणलं. बाईनं तिथंच भाकरी थापली. कडेपर्यंत बोटं उमटलेली. दोन्ही भाकऱ्या शेजारी ठेवून हवालदार म्हणाले, "बोल, कोणत्या मशीनवाल्याकडून घेतल्या?"

भाच्यानं दुकान दाखवलं. दुकानदाराच्या जबाबानं बाई सुटली.

पण तिचं गेलेलं गिऱ्हाईक कोणत्या कलमात बसवावं, हे हवालदारांनाही कळेना. भाच्यानं मोबाइलवर एक बटण दाबून ग्रुप बंद केला आणि तिची दोन वर्षांची मेहनत गेली. कष्ट आपले असले तरी गिऱ्हाईक भेटतं ती जागा दुसऱ्याची असेल, तर तो कधीही दार लावतो. एवढं मी शिकले.

कामगारांचे पैसे परत करायला भाच्याला मोटारसायकल विकावी लागली. पैसे घ्यायला ठाण्यात त्यांची रांग लागली, बाईही तिथंच होती. एक जण तिला म्हणाला, "मावशी, माझे पैसे राहू द्या तुमच्याकडं. उद्यापासून डबा चालू करा."

"आधी पैसे घे, सही कर," हवालदार खेकसले. "धंद्याचं बाहेर जाऊन बोला."

त्यानं सही केली. त्याच्यामागच्यांनीही केली. सगळ्यांचे पैसे चुकते झाले; बाईच्या गिऱ्हाइकाचं मात्र कागदावर काहीच आलं नाही.