शिलेखान्यातली खुंटी

काल आमच्या गावच्या जुन्या शिलेखान्यात एका लग्नाला गेलो होतो. संस्थानाच्या तलवारी जिथे टांगत, त्या सागवानी खुंटीवर नवरदेवाचा कोट लटकत होता. नवरदेवापेक्षा कोटच शूर दिसत होता.

या खुंट्यांचा एक रिवाज होता. शिपाई मोहिमेवर गेला की त्याची खुंटी रिकामी राही. तो परतेपर्यंत तिथे दुसऱ्याने काही टांगायचं नाही. संस्थान गेलं, तलवारी गेल्या, रिवाज मात्र लोकांच्या बोलण्यात उरला.

काही वर्षांपूर्वीच्या महापुरात आमची खालची आळी इथेच राहायला आली आणि खुंट्यांवर गाठोडी चढली. सुंदरामावशीने मात्र आपल्या शेजारची एक खुंटी राखून ठेवली. तिचा नवरा म्हैस सोडायला घरी परत गेला होता. म्हैस पोहत आली आणि दाराशी रवंथ करत उभी राहिली.

"मावशी, ही खुंटी मोकळीच आहे. गाठोडं टांगू?" पारूने विचारलं.

"मोकळी कुठली? मालक यायचेत. म्हशीपेक्षा सावकाश चालतात ते."

सगळे हसले. मी तर मालकांच्या चालीची नक्कलच करून दाखवली. मावशी पदराआड हसली.

दुपारी नाव आली. मावशी दाराशी गेली, नावेतल्या घोंगडीचा कोपरा तिने उचलला, खाली ठेवला आणि परत आली. पारूचं गाठोडं उचलून तिने पारूच्या हातात दिलं.

"टांग गं," ती म्हणाली. "आता झाली मोकळी."